स्पितीला पहिल्यांदा जाताना: आधी दिवस मोजा, मग ठिकाणं

उन्हाळा जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, "स्पितीला जायचंय, सहा दिवस आहेत, काय काय बघून होईल?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सहा दिवसांत स्पितीला जाऊ नका. तेवढ्या दिवसांत शेजारच्या किन्नौर जिल्ह्यातली सांगला आणि कल्पा निवांत बघा, मन भरून येईल. स्पितीसाठी मात्र घरापासून घरापर्यंत किमान बारा दिवस काढा, जमलं तर चौदा. हे ऐकून माणसं हिरमुसतात, म्हणून हे बारा दिवस कुठून येतात ते इथे सविस्तर मांडते आहे.

स्पिती म्हणजे हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्याचा पूर्वेकडचा, तिबेटच्या सीमेला लागून असलेला भाग. २०११ च्या जनगणनेत या संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या होती ३१,५६४. चौरस किलोमीटरला दोन माणसं. खोऱ्याचं मुख्य गाव काझा, उंची सुमारे ३,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे काझ्याच्या बाजारात तुम्ही भाजी घेत उभे असता, तेव्हा दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्याच्याही वर असता. सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मनालीहून पहाटे निघालो आणि त्याच रात्री काझ्यात. गाडी ठरवून देणाऱ्याने "काही होत नाही, रोज लोक जातात" असं सांगितलं होतं. कुंझुम खिंड ओलांडेपर्यंत आमच्यातल्या दोघांचं डोकं ठणकायला लागलं होतं. रात्री ओकाऱ्या. पुढचे दोन दिवस गेस्ट हाउसच्या खोलीत पडद्याकडे बघत काढले. सगळ्यात जास्त त्रास झाला तो आमच्यातल्या सर्वांत काटक मित्राला, ज्याने सह्याद्रीतले शंभरेक किल्ले पायाखाली घातले होते. दमसास आणि उंची सोसण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं.

पहिली पायरी: उंचीचा हिशोब समजून घ्या

वर गेल्यावर हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण तेच राहतं, पण हवेचा दाब कमी होतो. काझ्यात एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, मात्र त्याला दिवस लागतात. साधारण २,५०० मीटरच्या वर हा त्रास कुणालाही होऊ शकतो. डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना उडणं, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं, झोप न लागणं ही त्याची लक्षणं. डोकं दुखतंय आणि सोबत यातलं आणखी एखादं लक्षण आहे, तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चालायचं. "उन्हामुळे असेल", "गाडी लागली असेल" अशी समजूत काढत वर जात राहणं धोक्याचं.

डॉक्टर आणि गिर्यारोहक दोघंही पाळतात तो नियम असा: ३,००० मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. यात मुक्कामाची उंची महत्त्वाची. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, झोपायला खाली यायचं.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे दुकानात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, जुळवून घेण्याचा वेग वाढवते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, त्याने घाबरू नका. कापराची पुडी हुंगायची पद्धत आपल्याकडच्या यात्रेकरूंमध्ये फार आहे, आणि बऱ्याच ट्रेकर मंडळींच्या खिशात कोका-३० या होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या असतात. कापराने नाक मोकळं वाटतं, प्राणवायू वाढत नाही. जवळ ठेवायचं तर ठेवा, पण त्या भरवशावर एक मुक्काम गाळू नका.

पहिले काही दिवस दारू आणि झोपेची गोळी दोन्ही बंद. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, गंभीर अ‍ॅनिमिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. काझ्यात सरकारी आरोग्य केंद्र आहे आणि उंचीच्या त्रासाचे रोगी तिथे नेहमी येतात. त्याहून मोठं रुग्णालय मात्र थेट रेकाँग पिओला, म्हणजे सुमारे २०० किलोमीटरवर, दिवसभराच्या प्रवासावर.

आता यातलं सगळ्यात गंभीर. एखादा माणूस सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच खाली न्यायचं. इथे नकाशा फसवतो. काझ्याहून मनाली जवळ दिसतं, पण त्या वाटेवर आधी कुंझुमच्या ४,५५१ मीटरवर चढावं लागतं. काझ्याहून खाली उतरायची वाट एकच, ताबो आणि सुमदोमार्गे किन्नौरकडे. हे गाडीतल्या प्रत्येकाला निघण्याआधीच माहीत असलं पाहिजे.

दुसरी पायरी: महिना ठरवा

माण आणि खटाव तालुक्यांत राहिलेल्याला पर्जन्यछाया म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि म्हसवडला आभाळाकडे डोळे. स्पितीचं तसंच आहे, फक्त इथे सह्याद्रीच्या जागी पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा आहेत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खुद्द स्पितीत पाऊस फार पडत नाही. पण तिथवर पोचायचे रस्ते किन्नौर आणि कुलूतून जातात आणि तिथे पाऊस कोसळत असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरमधल्या निगुलसरीजवळ दरड कोसळून एक बस आणि आणखी काही गाड्या गाडल्या गेल्या, माणसं गेली. पावसाळ्यात स्पिती कोरडी असते म्हणून बिनधास्त या, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

मे महिन्याची शाळेची सुट्टी धरून बेत करणारे आपल्याकडे सर्वांत जास्त. मेमध्ये कुंझुम बहुधा बर्फाखाली असते, साधारण जूनच्या पूर्वार्धापर्यंत. त्यामुळे मेमध्ये जायचं तर शिमल्याकडून जाऊन शिमल्याकडूनच परत यायचं. हरकत काहीच नाही. किन्नौरचं खोरं दोनदा बघायला मिळतं, आणि मुलं सोबत असतील तर मला हाच बेत जास्त पसंत आहे. दिवाळीच्या सुट्टीचं वेगळं. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात कुंझुम कधीही बंद होऊ शकते, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, आणि बरीचशी हॉटेलं गाशा गुंडाळायला लागलेली असतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर गणपती विसर्जन उरकून निघा. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आभाळ निळंशार असतं, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, शेतांत जवाची कापणी चालू असते आणि नदीकाठची झाडं पिवळी पडायला लागतात. जूनच्या उत्तरार्धातही बरं असतं, पण नाल्यांना बर्फाचं पाणी भरपूर असतं. जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्या बघायला येणाऱ्यांचा काळ, किब्बरच्या परिसरात. उणे २० अंशांखाली जाणारी थंडी, गोठलेले नळ, केव्हाही बंद पडणारा रस्ता. पहिल्या खेपेला तो बेत नको.

तिसरी पायरी: शिमल्याकडून आत, मनालीकडून बाहेर

काझ्याला दोन रस्ते जातात. एक शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असा सतलज आणि मग स्पिती नदीच्या काठाने. तो लांब आहे, शिमल्यापासून चारशे किलोमीटरहून जास्त, पण हळूहळू चढतो आणि बर्फ किंवा दरडीचे दिवस सोडले तर वर्षभर चालू असतो. दुसरा मनालीहून अटल बोगद्यातून, ग्राम्फू, छत्रू, बातल, कुंझुम, लोसर असा. हा जेमतेम दोनशे किलोमीटर. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला तेव्हापासून रोहतांग टाळता येतो, त्यामुळे हा रस्ता अजूनच सोपा वाटायला लागला आहे. अडचण तीच. मनाली २,०५० मीटरवर, आणि एका दिवसात तुम्ही ४,५५१ मीटर पार करून ३,६५० वर झोपता. म्हणजे मुक्कामाच्या उंचीत एका रात्रीत १,६०० मीटरची उडी.

शिमल्याकडून गेलात तर हाच चढ चार-पाच रात्रींत वाटला जातो. म्हणून आत शिमल्याकडून, बाहेर मनालीकडून.

आपल्याकडून जायचं तर मुंबई-पुण्याहून चंदीगडला विमान, किंवा रेल्वेने अंबाला छावणी. पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि वांद्र्याहून पश्चिम एक्सप्रेस अंबाल्याला थांबतात. वेळ असेल तर कालका ते शिमला छोट्या गाडीने जा. मात्र तो वेगळा दिवस धरा.

चौथी पायरी: दिवस कागदावर मांडा

मी ज्यांना बेत आखून देते त्यांना बहुधा हाच देते:

पहिला दिवस: घर ते चंदीगड.
दुसरा: चंदीगड ते नारकंडा, सुमारे १८० किलोमीटर, मुक्काम २,७०० मीटरवर.
तिसरा: नारकंडा ते कल्पा, २,९६० मीटर. दिवसभराचा प्रवास.
चौथा: कल्पातच. रोघी गावापर्यंत पायी जाऊन या, समोर किन्नर कैलास असतो.
पाचवा: कल्पा ते ताबो, ३,२८० मीटर. वाटेत नाकोला जेवण.
सहावा: सकाळ ताबो मठात, मग धनकर, संध्याकाळी काझा.
सातवा: काझ्यात आराम, दुपारनंतर 'की' गावचा मठ.
आठवा: लांग्झा, हिक्किम, कोमिक, रात्री पुन्हा काझ्यात.
नववा: पिन खोऱ्यात मुद गावापर्यंत.
दहावा: काझा ते चंद्रताल.
अकरावा: चंद्रताल ते मनाली.
बारावा: मनाली ते चंदीगड.
तेरावा: घर.

पिन खोरं गाळलंत तर बारा दिवस. एक राखीव दिवस धरलात तर चौदा. राखीव दिवस शक्यतो शेवटी, मनालीत ठेवा. वाटेत दरड कोसळली, कुणाला बरं नसलं की तो कामी येतो. परतीचं विमान मनालीहून निघायच्या दुसऱ्याच दिवशी सकाळचं कधीही काढू नका.

लोक सगळ्यात आधी गाळतात तो कल्पाचा दुसरा दिवस, आणि नेमका तोच गाळायचा नाही. तिथे काही न करता काढलेला एक दिवस पुढचे आठ दिवस सुखाचे करतो. तसंच नाकोचा मुक्काम. नाको सुंदर आहे, गावात तळं आहे, पण ते ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे कल्पापासून एका रात्रीत ७०० मीटर. ताबो त्याच्या पुढे असूनही खाली आहे. म्हणून नाकोला जेवा आणि ताबोला झोपा.

कुंझुम बंद असली तरी मांडणी मोडत नाही. दहाव्या दिवशी काझा ते रेकाँग पिओ, अकराव्या दिवशी नारकंडा, बाराव्या दिवशी चंदीगड. दिवस तितकेच लागतात.

कागदावर अंतर बघून वेळ काढू नका. या रस्त्यांवर शंभर किलोमीटरला चार ते पाच तास धरा. अंधार पडल्यावर प्रवास नको, आणि शक्यतो दुपारी तीन-चारपर्यंत मुक्कामी पोचायचं ठेवा.

ताबोसाठी सकाळ मुद्दाम मोकळी ठेवली आहे. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून मातीच्या ढेकळासारखा दिसतो, बुटक्या, खिडक्या नसलेल्या इमारती. आत काळोखात डोळे सरावले की भिंतीभर चित्रं उजळतात. याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला इथे एक गोष्ट लगेच जाणवेल. तिथे चित्रं कातळावर आहेत, इथे कच्च्या मातीच्या भिंतीवर. हजार वर्षं ती टिकली, कारण इथे पाऊस जवळजवळ नसतो. १९७५ च्या किन्नौर भूकंपाचा तडाखाही त्यांनी सोसला आहे. आत फोटो काढायला मनाई आहे, ती मनापासून पाळा. घाईत दहा मिनिटांत बाहेर येणाऱ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

ताबोच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून काही किलोमीटर आत ग्यू गाव आहे, तिथे बसलेल्या अवस्थेतली एका भिक्खूची सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची ममी जपून ठेवली आहे. वेळ उरला तर जा. धनकरला मात्र जाच. स्पितीची ही जुनी राजधानी. वाऱ्या-पाण्याने झिजलेल्या सुळक्यांवर मठ कसाबसा तोल सावरून उभा आहे, आणि खाली स्पिती आणि पिन नद्यांचा संगम दिसतो.

पाचवी पायरी: गाडी, बस, की स्वतः चालवत

चार-सहा जण असाल तर हिमाचलच्या चालकासह गाडी करा. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. चालक याआधी स्पितीत किती वेळा गेला आहे, काझ्यातून आजूबाजूच्या गावांना जाणं भाड्यात धरलं आहे का, आणि रस्ता बंद पडून दिवस वाढला तर त्याचे किती. उत्तरं लेखी घ्या, मेसेजवर असली तरी चालतील. चालकाच्या जेवणाची आणि उबदार झोपण्याची सोय तुमच्या मुक्कामी होते आहे ना, तेही बघा. दुसऱ्या दिवशी तुमचे जीव त्याच्या हातात असतात.

एकटे किंवा दोघे असाल तर हिमाचल परिवहनची बस उत्तम. रेकाँग पिओहून काझ्याची बस पहाटे निघते आणि संध्याकाळी पोचते. आदल्या संध्याकाळीच स्थानकावर जाऊन वेळ आणि तिकिटाची चौकशी करा. शक्य असेल तर बसनेही तोच नियम पाळून ताबोला उतरा. काझ्यातून की-किब्बर आणि मुदकडे स्थानिक बस जातात, तुरळक. बाकी गावांसाठी काझ्यातल्या टॅक्सी युनियनचं दरपत्रक असतं, बाजारात दोन-तीन अनोळखी जोड्या मिळून एक गाडी करणं नेहमीचं आहे.

स्वतःची गाडी किंवा मोटरसायकल नेणार असाल तर डोंगरात चालवायचा सराव हवा, आणि लोणावळ्याचा घाट हा तो सराव नव्हे. ग्राम्फू ते लोसर हा पट्टा दगडगोट्यांचा, आणि वाटेत नाले रस्त्यावरून वाहतात. दुपारचं ऊन बर्फ वितळवतं, त्यामुळे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता गुडघ्यापर्यंत येतं. नाले दुपारच्या आत ओलांडा. पेट्रोल रेकाँग पिओच्या खाली पोवारीला भरून घ्या आणि पुढचा पंप थेट काझ्याला असं धरून चाला. मनालीकडे परतताना काझ्यात टाकी काठोकाठ.

कागदपत्रं, पैसे, फोन

भारतीय नागरिकांना काझ्यापर्यंत परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र सगळ्यांचं जवळ हवं. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील, ओसीआय कार्डधारक असले तरी, तर किन्नौर ते सुमदो या पट्ट्यासाठी त्यांना परवाना घ्यावा लागतो. तो रेकाँग पिओला मिळतो, कामाच्या दिवशी. म्हणून तिथे रविवारी पोचू नका.

रोख रक्कम घरूनच किंवा शिमल्यातून घ्या, निम्म्याहून जास्त खर्च भागेल इतकी. काझ्यात एटीएम आहे, त्यात पैसे असतीलच असं नाही. फोनचं म्हणाल तर लडाख-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड चालत नाही म्हणून लोक इथेही घाबरतात, पण हिमाचलमध्ये ते चालतं. प्रश्न टॉवरचा आहे. ग्यू गावात मोबाइलचं नेटवर्क पोचायला २०२४ साल उजाडलं, यावरून ओळखा. काझ्यात फोन लागतो, लोसरच्या पुढे चंद्रतालपर्यंत काही नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अमुक दोन दिवस फोन लागणार नाही. नाहीतर इकडे ते काळजीने हैराण होतात.

सामान आणि खाणं

एक जाड कोट नेण्यापेक्षा थर न्या: अंगालगत थर्मल, वर स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे जादा जोड. ऊन फार कडक, म्हणून काळा चष्मा आणि सनस्क्रीन चुकवू नका. ओठ फुटतात, नाकातलं कातडं सुकून रक्त येतं. खोबरेल तेलाची छोटी बाटली याला उत्तम. टॉर्च, पॉवर बँक, नेहमीची औषधं दुप्पट.

दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, रिकाम्या बाटल्या त्या खोऱ्यातच पडून राहतात. सगळीकडे उकळलेलं पाणी मिळतं. काझ्यात पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, तरी ते प्यायला सुरक्षित असतं. भात-डाळ शिजायला मात्र कुकर लागतो आणि वेळही. म्हणून जेवण आधी सांगून ठेवायची पद्धत आहे.

उंचीवर जेवण जात नाही, अशा वेळी ओळखीची चव मदतीला येते. शेंगदाण्याची चिक्की, लाडू, सुकामेवा, आणि मेतकुटाची पुडी. गरम मऊ भातावर मेतकूट-तूप, आजारी पडलेला माणूसही चार घास खातो. पण तिथलं खाणं चुकवू नका. थुक्पा, मोमो, छरमा या आंबट रानफळाचा चहा. आणि त्साम्पा म्हणून जे पीठ देतील ते भाजलेल्या जवाचं असतं, आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ. आपण ते गुळात कालवतो, ते लोण्याच्या खारट चहात.

गावात राहताना

काझ्यात हॉटेलं आहेत, पण किमान एक-दोन रात्री एखाद्या गावात घरगुती मुक्काम करा. मुद, धनकर, लांग्झा, देमुल अशा बऱ्याच गावांत घरं पाहुणे ठेवतात. लांग्झा ४,४०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा तिथला मुक्काम काझ्यात दोन रात्री काढल्यावरच.

इथे पाणी म्हणजे डोंगरावरचं वितळलेलं बर्फ. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं की पुढच्या उन्हाळ्यात मटारचं आणि जवाचं पीक धोक्यात येतं, आणि वर्षाची रोकड कमाई त्या मटारवरच असते. दुष्काळी भागात वाढलेल्याला याची किंमत सांगायला नको. रोज आंघोळीचा हट्ट धरू नका. अर्धी बादली गरम पाणी मिळालं तर तेवढ्यात भागवा. त्या पाण्यासाठी कुणीतरी शेणी किंवा लाकूड जाळलेलं असतं, आणि झाडं तिथे मोजकीच आहेत.

घरांतले संडास कोरडे असतात. जमिनीत भोक, खाली खोली, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. झाल्यावर वरून माती ढकलायची. पाणी ओतायचं नाही, ओला कागद किंवा प्लास्टिक टाकायचं नाही. त्याचंच खत होऊन शेतात जातं. ही पद्धत कळली की सोपी आहे, पण न सांगता गेलेला माणूस गोंधळतो म्हणून लिहिलं.

भेटल्यावर "जुले" म्हणा, नमस्कार आणि आभार दोन्हीला चालतं. हिंदी सगळ्यांना समजते. मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंती आणि चोर्तेन, म्हणजे स्तूप, उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो तसंच. माणसांचे, विशेषतः म्हाताऱ्यांचे आणि लहान भिक्खूंचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना चॉकलेटं वाटू नका.

हिक्किमच्या टपाल कार्यालयातून घरी पत्र टाका. १९८३ पासून चालू असलेलं हे कार्यालय जगातल्या सर्वांत उंचावरच्या टपाल कार्यालयांपैकी एक मानलं जातं. लांग्झाजवळ मात्र एक मोह आवरा. इथली जमीन कोट्यवधी वर्षांपूर्वी टेथिस समुद्राचा तळ होती, आणि त्यातल्या शंखांचे जीवाश्म मातीत सापडतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम हाही अशाच अमोनाइट या शंखधारी समुद्रजीवाचा दगड, तो नेपाळातल्या गंडकीतून येतो. त्यामुळे मराठी पाहुण्यांना "एक देवात ठेवायला" घ्यावासा वाटतो. घेऊ नका. विकायला आलेला असला तरीही. दर उन्हाळ्यात येणारा प्रत्येकजण एकेक घेऊन गेला तर त्या टेकड्यांत काही उरणार नाही.

चंद्रताल आणि परतीचा दिवस

चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर आहे, म्हणून तो शेवटी. तोवर शरीर आठवडाभर उंचीवर मुरलेलं असतं. २००५ पासून हे तळं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि काठावर तंबू लावायला बंदी आहे. तंबूंची वस्ती काही किलोमीटर अलीकडे असते, तिथून गाडीने आणि शेवटी पायी काठावर जायचं. पाण्यात उतरू नका. ते बर्फाचं पाणी आहे आणि खोली अचानक वाढते.

जुलै २०२३ मध्ये, ऐन पावसाळ्यात, इथे अचानक बर्फ पडून अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते, त्यांना बाहेर काढायला काही दिवस लागले. म्हणून काझ्याहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तीन ठिकाणी विचारा: पोलीस ठाण्यात, टॅक्सी युनियनमध्ये, आणि मनालीहून त्याच दिवशी आलेल्या एखाद्या चालकाला. तिसऱ्याचं उत्तर सर्वांत ताजं असतं. तिघांपैकी एकानेही नकाराची मान हलवली तर राखीव दिवस काझ्यातच वापरा, किंवा चंद्रताल सोडून किन्नौरकडे वळा.

सगळे हो म्हणाले तर सकाळी सहाला निघा. लोसरला नाश्ता, कुंझुमला देवीच्या देवळापाशी थांबून नमस्कार, तिथले चालक त्याशिवाय पुढे जात नाहीत. दुसऱ्या दिवशी चंद्रतालहून पहाटेच उतरा आणि बातलच्या ढाब्यावर राजमा-भात खाऊन घ्या. तिथून पुढचे नाले दुपारच्या आत पार झाले की संध्याकाळी मनालीत असाल, आणि फोन वाजायला लागेल.